कृषी संशोधनाचा पैसा जातो कुठे आणि वावरापर्यंत पोचतो किती?

दारव्हा तालुक्यातील एका तरुण कास्तकाराने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : "आमचे नऊ एकर कोरडवाहू वावर आहे. कापूस, सोयाबीन, तूर घेतो. बियाणे कंपनीचे, औषध कंपनीचे आणि सल्ला कृषी केंद्रवाल्याचा. मग अकोल्याचे विद्यापीठ, नागपूरच्या मोठमोठ्या संस्था आणि जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र यांच्यावर सरकार खर्च करते तो कशासाठी? पन्नास वर्षांत आम्हाला काय मिळाले? हे सगळे बंद करून तेवढे पैसे थेट आमच्या खात्यात टाकले तर काय बिघडेल?"

उत्तर देण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो. मी विदर्भातल्या एका कोरडवाहू संशोधन केंद्रावर एकतीस वर्षे पीक पैदासकार, म्हणजे नवे वाण तयार करणारा, म्हणून काम केले आणि आज त्याच व्यवस्थेच्या पैशातून निवृत्तिवेतन घेतो. त्यामुळे माझे म्हणणे तेवढी वजावट करूनच वाचावे. मात्र या व्यवस्थेत पैसा कोठे अडतो हे मी कागदावर वाचलेले नाही, वावरात उभे राहून पाहिलेले आहे, आणि तुमच्या रागाचा बराच भाग मला मान्य आहे.

तुमच्या प्रश्नात दोन निरनिराळ्या तक्रारी एकत्र झाल्या आहेत. संशोधनावर खर्च होतो तो वाया जातो, ही एक. आणि तो तुमच्यापर्यंत पोचत नाही, ही दुसरी. दोन्ही तक्रारींच्या मुळाशी खरा प्रश्न तिसराच आहे : ज्या शेतकऱ्याला दरवर्षी नवे बियाणे विकून कोणालाही नफा मिळत नाही, त्या शेतकऱ्यासाठी संशोधन करणार कोण?

आधी हिशेब करू. केंद्र सरकारच्या कृषी संशोधन व शिक्षण विभागासाठी २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात १०,४६६ कोटी रुपयांची तरतूद होती. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या शंभराहून अधिक संस्था, अखिल भारतीय समन्वित प्रकल्प (एकाच पिकावर देशभरच्या केंद्रांनी मिळून केलेले काम) आणि सातशेहून अधिक कृषी विज्ञान केंद्रे यातूनच चालतात. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशात सुमारे १४.६ कोटी वहितीखातेदार होते. भागाकार केला तर एका खातेदाराच्या वाट्याला वर्षाला सातशे रुपयांच्या थोडे वर येतात. एवढ्यात सोयाबीनच्या एका बॅगेचेही पूर्ण पैसे होत नाहीत. राज्य सरकार विद्यापीठांना देते तो पैसा यात धरलेला नाही, पण तो धरूनही आकडा फार चढणार नाही. त्याच वर्षी खतांच्या अनुदानासाठी सुमारे १ लाख ६८ हजार कोटी आणि पीएम-किसानसाठी ६३,५०० कोटी रुपये ठेवले होते. म्हणजे खात्यात थेट पैसे टाकण्याचा मार्ग सरकारने आधीच धरलेला आहे, आणि त्याच्या तुलनेत संशोधनाचा वाटा चटणीएवढा आहे. शेतीतून होणाऱ्या एकूण उत्पन्नाच्या किमान १ टक्का रक्कम संशोधनावर खर्च व्हावी असे जगभर मानले जाते. आपला देश कित्येक वर्षे त्याच्या निम्म्यावरही पोचलेला नाही. २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीत कृषी संशोधन व शिक्षणावरच्या एका रुपयाचा परतावा १३ रुपये ८५ पैसे असा दिला होता. अशा सरासरी आकड्यांकडे मी स्वतः थोड्या संशयाने पाहतो, कारण त्यात पंजाबचा गहू आणि यवतमाळची हलकी जमीन एकाच ताटात वाढलेली असते. तरीही तो आकडा निम्म्यावर आणला तरी सौदा तोट्याचा ठरत नाही.

आता 'बियाणे कंपनीचे' या मुद्द्याकडे येतो. तुमच्या कपाशीच्या पाकिटाबाबत ते खरे आहे. सोयाबीनच्या बॅगेवरचा टॅग मात्र एकदा नीट वाचून पाहा. आपल्याकडे ज्याला नुसते 'तीनशे पस्तीस' म्हणतात तो जेएस ३३५ हा वाण जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचा असून १९९४ मध्ये प्रसारित झाला, आणि विदर्भातील सोयाबीनखालचे क्षेत्र वाढले ते मुख्यतः त्याच्याच जोरावर. हल्ली तुमच्या भागात लोक विचारतात तो फुले संगम राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा, एमएयूएस मालिकेतील वाण परभणीचे आणि एएमएस मालिकेतील अकोल्याचे. तुरीत बीडीएन ७११ बदनापूरचा, तर पीकेव्ही तारा अकोल्याचा. हरभऱ्यातील जाकी ९२१८ या वाणाच्या तर नावातच जबलपूर, अकोला आणि इक्रिसॅट (हैदराबादजवळची आंतरराष्ट्रीय कोरडवाहू पीक संशोधन संस्था) या तिघांची अक्षरे आहेत. बॅगेवर मोठ्या अक्षरांत विकणाऱ्याचे नाव असते, वाण घडवणाऱ्याचे नाव बहुधा कोठेच नसते. सार्वजनिक संशोधन तुमच्या वावरात दरवर्षी पेरले जाते, पण ते ओळख न देता येते. हा दोष तुमचा नाही.

मग कपाशीत कंपनी आणि सोयाबीन-तूर-हरभऱ्यात विद्यापीठ अशी विभागणी कशी झाली? यात कोणाच्या हुशारीचा किंवा आळसाचा फारसा संबंध नाही. बियाण्याच्या स्वभावाचा आहे. सोयाबीन, हरभरा यांचे सरळ वाण असतात. एकदा चांगले बियाणे घेतले की त्याच्या उत्पादनातून निवडून, वाळवून, उगवणशक्ती तपासून तुम्ही पुढची दोन-तीन वर्षे घरचेच बियाणे पेरू शकता, धुऱ्यापलीकडच्या भावकीलाही चुंगडेभर देऊ शकता. दहा-बारा वर्षे खपून असा वाण तयार करणाऱ्या कंपनीला पहिल्या विक्रीनंतर फारसे काही मिळत नाही. संकरित बियाण्याचे तसे नसते. पुढच्या पिढीत त्याचे गुण फाटतात आणि गिऱ्हाईक दर मृगाला दुकानाच्या दारात येते. म्हणून खासगी पैसा कपाशीत, मक्यात आणि संकरित भाजीपाल्यात गेला. जगातला व्यापारी लागवडीचा पहिला संकरित कापूस, एच-४, १९७० मध्ये सुरतच्या सरकारी संशोधन केंद्रावर डॉ. सी. टी. पटेल यांनी तयार केला होता, आणि ऐंशीच्या दशकात आपल्याकडे पीकेव्ही हायब्रीड-२ व नांदेडचा एनएचएच ४४ हे विद्यापीठांचेच संकर गावोगाव होते, हे मात्र विसरू नये. मार्च २००२ मध्ये बोंडअळीला मारणारे जनुक घातलेल्या बीटी कपाशीला परवानगी मिळाली, ते जनुक खासगी हातात होते, आणि काही हंगामांतच विद्यापीठाचे संकर बाजारातून दिसेनासे झाले. पुढे महाबीज या राज्याच्या बियाणे महामंडळाच्या साहाय्याने त्याच संकरांत बीटी जनुक आणून ते पुन्हा दिले गेले, परंतु गाडी सुटल्यावर फलाटावर पोचण्यासारखे ते झाले.

कंपनीने वाईट केले असे मी म्हणत नाही. बीटीने पहिली काही वर्षे हिरव्या बोंडअळीच्या फवारण्या खरोखर वाचवल्या, आणि ज्यांनी मोनोक्रोटोफॉसचे डबे पाठीवर वाहिले त्यांना त्याची किंमत ठाऊक आहे. मुद्दा एवढाच की नफा जेथे अडवून धरता येतो तेथेच खासगी संशोधन जाते. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने बोलगार्ड-२ या दोन जनुकांच्या बीटी कपाशीला न जुमानता विदर्भात हाहाकार केला, तेव्हा सर्वांत उपयोगी ठरलेला सल्ला कोणता होता? फरदड (वेचणी संपल्यावर पीक पुढे ठेवून घेतलेला कापूस) घेऊ नका, डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा, जिनिंगजवळ आणि वावरात कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग पकडणारे) लावा, कमी कालावधीचे वाण निवडा. या सल्ल्यातला बहुतेक भाग बाटलीत भरून विकता येत नाही. पुरेसा, म्हणजे पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, हे वाक्य आज व्हॉट्सअॅपवर फुकट फिरते. त्यामागे मात्र वर्षानुवर्षांच्या पेरणीच्या तारखांचे प्रयोग आणि पावसाच्या नोंदी आहेत. रुंद वरंबा सरी, कापूस-तुरीच्या ओळींचे प्रमाण, अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी पिकाला का चालत नाही आणि शेततळ्याचे का चालते, हे सगळे याच जातीचे ज्ञान आहे. ते एकदा बाहेर पडले की सगळ्यांचे होते, म्हणून ते काढण्यासाठी एकटा कोणी पैसा लावत नाही. तो सगळ्यांनी मिळून, म्हणजे सरकारी तिजोरीतून, लावावा लागतो.

पण सरकारी पैसा म्हणजे आपोआप शेतकऱ्याच्या हिताचा पैसा, असे समजण्याचेही कारण नाही. जो पैसा देतो तो संशोधनाचा प्रश्न ठरवतो, आणि याचा धडा वऱ्हाडानेच दिलेला आहे. एके काळी हिंगणघाटचा 'बनी' कापूस त्याच्या लांब, तलम धाग्यासाठी नावाजलेला होता. गिरण्यांना तसाच कापूस हवा होता आणि इंग्रजांचे खातेही तोच लावा म्हणून मागे लागले होते. कास्तकार मात्र आखूड, जाडाभरडा पण रुई जास्त देणारा कापूस लावत गेला, कारण त्याला बाजारात धाग्याच्या लांबीचा भाव मिळत नव्हता, वजनाचा मिळत होता. १९२१ मध्ये इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी स्थापन झाली आणि १९२३ च्या कायद्याने कापसाच्या गाठींवर उपकर बसला. त्या पैशातून मुंबईत माटुंग्याची तंतू तपासणारी प्रयोगशाळा आणि इंदूरची वनस्पती संशोधन संस्था उभी राहिली, प्रांतोप्रांतीच्या कापूस योजनांनाही मदत मिळाली. ही रक्कम कापसावरचीच असल्यामुळे दर अंदाजपत्रकात कोणाच्या पाया पडावे लागत नसे, ही या पद्धतीची मोठी बाजू. दुसरी बाजू अशी की कमिटीत गिरणी आणि व्यापार यांचा आवाज मोठा होता, म्हणून धाग्याच्या लांबीवर जेवढे काम झाले तेवढे कोरडवाहू कास्तकाराच्या जोखमीवर झाले नाही. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला म्हातारे शेतकरी जरिला आणि बुरी ही नावे घेत, ती याच काळातली.

एकूण व्यवस्थेचा इतिहास लांबलचक आहे, पण तुमच्या प्रश्नापुरते काही टप्पे पुरेत. बिहारमधील पुसा येथे १९०५ मध्ये सुरू झालेल्या संस्थेला हेन्री फिप्स नावाच्या अमेरिकी दानशूराच्या देणगीचा हातभार होता. १९३४ च्या भूकंपानंतर ती दिल्लीला हलली. शाही कृषी आयोगाच्या शिफारशीवरून १९२९ मध्ये जी परिषद निघाली तीच आजची भारतीय कृषी अनुसंधान परिषद. १९४० मध्ये शेतमालाच्या निर्यातीवर उपकर लावून तिला स्वतःचे उत्पन्न देण्यात आले, तो उपकर पुढे रद्द झाला. साठच्या दशकाच्या मध्यात पीकवार समित्या मोडून त्यांची केंद्रे परिषदेकडे आली आणि डॉ. बी. पी. पाल यांच्या रूपाने प्रथमच एक शास्त्रज्ञ परिषदेचा महासंचालक झाला. १९६० मध्ये पंतनगरला पहिले कृषी विद्यापीठ अमेरिकेच्या धर्तीवर निघाले, त्यात शिक्षण, संशोधन आणि विस्तार एका छपराखाली असावेत ही कल्पना होती. आपले अकोल्याचे विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ चे आहे. ते सहज मिळालेले नाही, त्यासाठी विदर्भाला आंदोलन करावे लागले होते. त्याला ज्यांचे नाव आहे ते पापळचे पंजाबराव देशमुख दहा वर्षे देशाचे कृषिमंत्री होते. नंतर १९७६ मध्ये नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आली, आणि १९७९ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रकल्पामुळे हवामान विभागवार केंद्रे बळकट झाली. यवतमाळ आणि सिंदेवाही ही आपल्याकडची तशी केंद्रे.

हे विभागवार केंद्र कशाला, असे मला एका लेखापालाने एकदा विचारले होते. अकोल्यात प्रयोग केला की तोच निष्कर्ष सगळ्या विदर्भाला लागू करता येणार नाही का, असा त्याचा रास्त वाटणारा प्रश्न होता. यंत्र एका गावातून दुसऱ्या गावात नेता येते, वाण तसा नेता येत नाही. बुलडाण्याच्या मध्यम जमिनीत उत्तम येणारा वाण गोंदियाच्या धानपट्ट्यात निकामी ठरतो, आणि दारव्ह्याच्या मुरमाड उतारावर ऑगस्टमध्ये वीस दिवस पावसाने ताण दिला तर अकोल्याच्या काळ्या कसदार जमिनीतली आकडेवारी तुमच्या कामाची राहत नाही. दुसऱ्याचे संशोधन उसने आणता येते, पण आपल्या मातीत तपासून घेण्याचा खर्च आपल्यालाच करावा लागतो.

आता तुमच्या रागाला जिथे मी पूर्ण दुजोरा देतो तो भाग. संशोधनाला येणाऱ्या पैशाचा फार मोठा हिस्सा पगार आणि निवृत्तिवेतनावर जातो. शास्त्रज्ञाला पगार मिळतो, पण प्रयोग करायला लागणारी मजुरी, डिझेल, खत, पिशव्या, लेबले, प्रवासभत्ता हा जो आकस्मिक खर्च, तो तुटपुंजा असतो आणि वेळेवर येत नाही. आमच्या केंद्रावर एका वर्षी खरिपाच्या प्रयोगांसाठीची रक्कम फेब्रुवारीत मिळाली. कापूस वेचून झाला होता, तुरीच्या तुऱ्हाट्या गंजीला लागल्या होत्या, आणि ३१ मार्चच्या आत ती रक्कम खर्च करणे भाग होते, नाहीतर ती परत जाणार आणि 'खर्च करता आला नाही' म्हणून पुढच्या वर्षी आणखी कमी मिळणार. आम्ही काय केले? कार्यालयाला रंग दिला आणि दोन कपाटे घेतली. त्याच वर्षी जुलैमध्ये डवरणीला मजूर लावायला पैसे नव्हते म्हणून एका प्रयोगाच्या तीन पुनरावृत्तींपैकी (तोच प्रयोग वेगवेगळ्या तुकड्यांवर लावलेला) एक तणाने गिळली होती. तीनपैकी एक पुनरावृत्ती गेली की त्या प्रयोगाच्या निष्कर्षावर शास्त्रीय भरवसा ठेवता येत नाही. म्हणजे उरलेल्या दोनवर केलेला खर्चही गेला. बाहेरून पाहणाऱ्याला रंगवलेले कार्यालय दिसते, आणि त्याला जे वाटते ते तुमच्या प्रश्नात उतरले आहे.

याला जोडून रिक्त पदांचा प्रश्न आहे. पैदासकार निवृत्त झाला आणि त्याची जागा चार वर्षे भरली नाही, तर केवळ चार वर्षांचे काम थांबत नाही. संकर केल्यानंतर सहा-सात पिढ्या निवड चालते. मध्येच दोन वर्षे कोणी बघितले नाही तर ते वाण-साहित्य मिसळते, उगवणशक्ती गमावते आणि दहा वर्षांची मेहनत गोदामाच्या कोपऱ्यात संपते. मी माझ्या हातांनी असे डबे फेकले आहेत. त्यात भर म्हणजे प्रकल्पाचा पैसा. १९९८ नंतर जागतिक बँकेच्या मदतीने आलेल्या मोठ्या राष्ट्रीय प्रकल्पांनी उपकरणे, संगणक आणि चांगल्या सवयीही दिल्या, हे नाकारता येणार नाही. पण प्रकल्प तीन-पाच वर्षांचा असतो, वाण दहा-बारा वर्षांचा. प्रकल्प संपला की उपकरण उरते, ते चालवणारा माणूस उरत नाही. समन्वित प्रकल्पांत विद्यापीठातील केंद्राचा ७५ टक्के खर्च परिषद देते आणि २५ टक्के राज्याने द्यायचा असतो. या पंचवीस टक्क्यांची वाट पाहण्यात किती हंगाम जातात हे कोणत्याही केंद्रप्रमुखाला विचारावे.

वेळेचे गणितही समजून घ्या, कारण 'पन्नास वर्षांत काय मिळाले' याचे अर्धे उत्तर त्यात आहे. संकर, निवड, केंद्रावरची चाचणी, विभागवार चाचण्या, समन्वित प्रकल्पातील तीन वर्षे, मग चारही विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत, म्हणजे जॉइंट अॅग्रेस्कोत, शिफारस आणि त्यानंतर केंद्राची अधिसूचना. अधिसूचना निघाली त्या दिवशी पैदासकाराकडे असते केवळ मूठभर बियाणे. सोयाबीनचे बियाणे एका पिढीत साधारण सोळा पट वाढते. एक क्विंटल पैदासकार बियाण्याचे पुढच्या वर्षी सोळा क्विंटल पायाभूत आणि त्यापुढच्या वर्षी अडीचशे क्विंटलच्या आसपास शेतकऱ्याला विकायचे प्रमाणित बियाणे होते, तेही पावसाने काढणीत भिजवले नाही तर. हेक्टरी पंचाहत्तर किलोने एवढ्यात जेमतेम साडेतीनशे हेक्टर पेरले जातात. तुरीचे बियाणे शंभर पट वाढते आणि हेक्टरी बारा-पंधरा किलोच लागते, म्हणून तेवढ्याच दोन वर्षांत तुरीचा वाण साठ हजारांहून अधिक हेक्टरवर जाऊ शकतो. तुमच्याकडे तुरीचे नवे वाण लवकर पोचतात आणि सोयाबीनचे रेंगाळतात, याचे कारण बऱ्याच अंशी हेच आहे. आपण संशोधनाला पैसा देतो, पण बियाणे वाढवण्याच्या साखळीला देत नाही. विहीर खोदायची आणि दोरासाठी पैसे ठेवायचे नाहीत, अशातली ही गोष्ट आहे.

व्यवस्थेच्या चुकाही झाल्या आहेत. बीटी जनुक सरळ वाणात घालून शेतकऱ्याला घरचे बियाणे ठेवता यावे, हा उद्देश अत्यंत योग्य होता. बिकानेरी नरमा या वाणात तसा प्रयत्न झाला, २००९ मध्ये बियाणे बाजारात आले, आणि त्यात खासगी कंपनीचेच जनुक आढळल्यामुळे ते मागे घ्यावे लागले. त्या एका प्रकरणाने सार्वजनिक संशोधनाची पत किती वर्षांनी मागे गेली हे आम्हा लोकांना रोज जाणवत होते. दुसरे उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्याच्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांचे. स्वतःच्या तुकड्यावर लोंब्या निवडत त्यांनी एचएमटी हा तांदूळ घडवला. कोणतेही अनुदान नाही, प्रयोगशाळा नाही. पुढे त्याची शुद्ध निवड विद्यापीठाने पीकेव्ही एचएमटी म्हणून प्रसारित केली. शुद्धीकरण आणि चाचणी हे केंद्राचे काम आवश्यकच होते, पण मूळ निवड ज्याची त्याचा मान आणि मोबदला आपण वेळेवर दिला असे मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. २०१८ मध्ये ते गेले. तुमच्यासारखा कोणी 'पैसे थेट आम्हाला द्या' म्हणतो तेव्हा मला सर्वांत आधी तेच आठवतात, आणि असे वाटते की संशोधनाच्या रकमेतला थोडा भाग निवड करणाऱ्या शेतकऱ्यांच्या वावरात चाचणी घेण्यासाठी राखून ठेवला तर तो फुकट जाणार नाही.

तेव्हा बंद करावे की नाही, हे कोणाच्या बाबतीत विचारता यावर अवलंबून आहे. तुम्ही बारमाही पाण्यावर संकरित टोमॅटो आणि ढोबळी मिरची घेत असता, तर मी म्हटले असते की तुमचे बहुतेक काम खासगी कंपन्या करतील आणि सरकारने तेथे रोग-अवशेष तपासणीपुरते राहावे. संत्रा बागायतदाराला रोगमुक्त कलमे हवीत. तेथे सरकारी संस्था आणि खासगी रोपवाटिका दोघांनाही जागा आहे. पण नऊ एकर कोरडवाहू, त्यात सोयाबीन-तूर, हलकी ते मध्यम जमीन आणि पावसाचा भरवसा नाही, अशा शेतकऱ्यासाठी सार्वजनिक संशोधन बंद झाले तर त्याच्या पिकांकडे बघणारा दुसरा कोणी उरत नाही. वर्षाला सातशे रुपये खात्यात येतील, एका फवारणीत जातील, आणि वीस वर्षांनीही तुम्ही आजचेच वाण पेरत असाल. मला कोणी वाढीव रक्कम कोठे घालावी असे विचारले तर मी नवी इमारत किंवा नवे विद्यापीठ म्हणणार नाही. आहे त्या केंद्रांवर पैदासकार आणि कृषिविद्यावेत्त्याची पदे भरा, आकस्मिक खर्च मे महिन्यात खात्यावर द्या आणि न खर्चलेली रक्कम पुढच्या हंगामात वापरू द्या, बीजोत्पादनासाठी फिरता निधी द्या. यातील दुसऱ्या गोष्टीला तर एक जादा रुपयाही लागत नाही, फक्त अर्थ खात्याच्या एका परिपत्रकाची गरज आहे.

तुमच्या हातात काय आहे तेही सांगतो. जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्राची शास्त्रीय सल्लागार समिती असते आणि तीत शेतकरी प्रतिनिधी असतात. आपल्याकडे ही जागा बहुधा पुढाऱ्याच्या ओळखीतल्या माणसाला जाते आणि बैठकीत जेवण चांगले होते, एवढेच कळते. गावातल्या चार जणांनी मिळून 'आमच्या मुरमाड जमिनीत शंभर दिवसांच्या आत येणाऱ्या सोयाबीनची पहिल्या ओळीतली प्रात्यक्षिके (शेतकऱ्याच्या वावरातच वाण लावून दाखवणे) घ्या' अशी लेखी मागणी केली तर ती कार्यवृत्तात घ्यावी लागते, आणि कार्यवृत्तात आलेल्या मागणीला पुढच्या बैठकीत उत्तर द्यावे लागते. मी नोकरीत असताना अशा केवळ दोन मागण्या आल्या होत्या. त्यांपैकी एकीतून आमच्या केंद्राचा सर्वांत उपयोगी प्रयोग निघाला. अकोल्याच्या विद्यापीठाच्या शिवार फेरीला, म्हणजे शेतकऱ्यांना प्रयोगाची शेते दाखवण्याच्या कार्यक्रमाला, गेलात तर प्रदर्शनाच्या मांडवात वेळ न घालवता सरळ प्रयोगाच्या प्लॉटवर जा आणि तिथल्या माणसाला विचारा की हा वाण हलक्या जमिनीत, ताणाच्या वर्षी, किती आला. उत्तर देताना तो चाचरला तर तुम्हाला जे कळायचे ते कळेल.

राहिला प्रश्न तुमच्या येत्या हंगामाचा. तुम्ही जमिनीची खोली लिहिलेली नाही, आणि तिच्याशिवाय वाण सांगणे म्हणजे नाडी न बघता औषध देणे. वावरात तीन ठिकाणी फुटभर रुंद खड्डा घेऊन मुरूम किती इंचांवर लागतो ते मोजा, गेल्या तीन वर्षांत कोणता वाण पेरला आणि एकरी किती पोती झाली ते लिहा, आणि घरी ठेवलेल्या सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठ दिवसांनी किती उगवले ते मोजा. सत्तरच्या वर असतील तर घरचेच बियाणे चालेल. हे तीन आकडे मिळाले की पुढचे मला नेमके सांगता येईल.